हलगी थांबवणारं बोट

"शर्ट काढ तो."

आप्पा माझ्या बापाला म्हणाले. शाळेच्या मैदानात. सगळ्या पोरांसमोर, गुरुजींसमोर, माझ्यासमोर.

बापाच्या अंगावर रेल्वेनं दिलेला खाकी शर्ट होता. गळ्यात हलगी होती. त्याला आधी कळलंच नाही.

"सरकारी शर्ट घालून हलगी वाजीवतो व्हय रं? रेल्वेचा सायब झाला का तू? काढ."

बापानं हलगी उतरवली. शर्ट काढला. ठेवायला जागा नव्हती म्हणून खाली मातीत ठेवला. मग बनियनवर हलगी परत अडकवली आणि वाजवायला लागला. आप्पा पुढं चालू लागले. मागं गुरुजी, मागं गावातली मोठी माणसं. सगळ्यांच्या पुढं माझा बाप, तोंड आप्पांकडं करून, उलटा चालत. हलगीवाल्यानं आप्पांकडं पाठ करायची नसते.

आता क्रमानं सांगते. मला कामाच्या सवयीनं तसंच सांगता येतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या अलीकडं, नदीकाठी. नाव मुद्दाम लिहीत नाही. एका गावाचं नाव लिहिलं की शेजारची सगळी गावं सुटल्यासारखी वाटतात. आम्ही मातंग. गावात आम्हाला मांग म्हणत, आणि आमच्या घराला हलगीवाले म्हणत. जत्रा, लग्न, मयत, पुढाऱ्याचं स्वागत, काहीही असो, हलगी आमच्या घरानं वाजवायची. घरातल्या एकानं तरी वाजवायचीच. याला गावात 'मान' म्हणतात. "तुमचाच मान हाय तो," असं सांगायला माणूस यायचा. मान असल्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

आप्पा म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं बागायती घर. सोसायटी त्यांची, शाळेची कमिटी त्यांची. हलगी कधी सुरू करायची ते कुणीही सांगे. थांबवायची मात्र आप्पांनी बोट वर केल्यावरच. दुसऱ्या कुणाच्या बोटानं ती थांबत नसे. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण गावात तान्ह्या पोरालाही तो माहीत होता.

त्या दिवशी शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. मी सहावीत होते. मी रॉकेट केलं होतं. पुठ्ठ्याचं, दोन तुकड्यांचं. मधे पेनातली स्प्रिंग दाबून दोऱ्यानं बांधली होती. दोरा कापला की वरचा तुकडा उडायचा आणि खालचा पडायचा. शाळेच्या कपाटातल्या एका फाटक्या पुस्तकात चित्र होतं, त्यावरून केलं होतं. सकाळपासून मी टेबलामागं उभी होते. मग गुरुजी आले आणि म्हणाले, "पळ, बापाला बोलावून आण. आप्पा येतील आता." बाप दौंडला रेल्वेच्या गँगमध्ये, रुळांच्या कामावर होता, सुट्टीला गावी आला होता. मी पळत गेले. मीच त्याला बोलावून आणलं.

मिरवणूक माझ्या टेबलापाशी आली.

"हे काय गं?"

"रॉकेट."

"कुणाची तू?"

मी बोलायच्या आत गुरुजी म्हणाले, "ही ह्याचीच, आप्पा. हलगीवाल्याची."

आप्पा हसले. "मग बरं हाय की. बाप हितं वाजवंल, लेक वर जाऊन वाजवंल."

सगळे हसले. गुरुजी सगळ्यात जोरात हसले. हलगी चालूच होती, कारण बोट वर झालं नव्हतं. मी दोरा कापून दाखवणार होते. कात्री हातात होती. कुणी थांबलं नाही. आप्पा पुढं गेले, पार कमानीपर्यंत, मग बोट वर केलं. हलगी थांबली.

मी मैदानात परत गेले. शर्टावरनं माणसं चालून गेली होती. मी तो उचलला, झटकला, बापाला दिला. त्यानं घातला नाही. घडी करून काखेत धरला आणि तसाच घरी गेला.

त्यानंतर आईनं सामान बांधलं. आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. हलगी गावी राहिली, माझ्या चुलत्याकडं, नानाकडं. नाना बापापेक्षा लहान. तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. "तू जा दादा," एवढंच तो म्हणाला. मी पोर होते. मला वाटलं, संपलं.

दौंडला आल्यावर बाप मला एकदा त्याच्या कामाच्या जागी घेऊन गेला. रुळाच्या कडेला लाल झेंडी गुंडाळून ठेवली होती. ती दाखवून म्हणाला, "ही धरली की एक्सप्रेस थांबती. कुठलीबी. आत कलेक्टर असू दे. धरणारा कोण हाय ते डायव्हर बघत न्हाई. झेंडी बघतो."

माझं शिक्षण या एका वाक्यावर झालं, असं म्हटलं तरी चालेल. धरणारा कोण ते बघत नाहीत अशी जागा मला शोधायची होती.

शिक्षण काही सरळ झालं नाही. दौंडहून पुण्याला रोजचं येणंजाणं, पहाटेची गाडी, दारात बसून वाचलेली पुस्तकं. इंजिनिअरिंगला वसतिगृह मिळालं. खोलीतल्या मुलीनं दुसऱ्याच दिवशी गादी गुंडाळली आणि शेजारच्या खोलीत गेली. मी कारण विचारलं नाही. नोटीस बोर्डावर माझ्या नावापुढं काय लिहिलंय ते मीही वाचलं होतं. वर्गात मी मधल्या बाकावर बसायचे. पुढं बसलं की म्हणत, हिला काय गरज. मागं बसलं की म्हणत, हिला काय येणार.

पुढं मी अवकाशाच्या क्षेत्रात गेले. रॉकेटचे टप्पे वेगळे करणाऱ्या यंत्रणेवर माझी नेमणूक झाली. खालचा टप्पा इंधन जाळून वरच्याला ढकलतो. त्याचं काम संपलं की त्याला सोडावं लागतं. वेळेवर सोडला नाही तर वरचाही जातो. जोडाच्या जागी स्फोटक बोल्ट असतात. ते एकाच क्षणी तुटले पाहिजेत. तोडण्याचं हे काम मी बरीच वर्षं केलं. चाचण्या फसल्या, पुन्हा केल्या. माझ्या विभागात आधी बाई नव्हती. मी पहिली. पुढं त्या विभागाची प्रमुख झाले, त्यातही पहिली. वर्तमानपत्रात तेवढंच येतं. जेवणाच्या टेबलावर एका मराठी माणसानं मला काय म्हटलं ते येत नाही. तो म्हणाला, "तुमच्या आडनावावरून कळत नाही हं." मी विचारलं, "काय कळत नाही?" त्यानं डबा उघडला आणि भाजीबद्दल बोलायला लागला.

पण झेंडी मला मिळाली. उड्डाणाच्या दिवशी प्रत्येक यंत्रणेचा प्रमुख आपल्या खुर्चीवर बसलेला असतो. कुणालाही आपल्या यंत्रणेत खोट दिसली तर तो 'होल्ड' म्हणतो. मोजणी थांबते. एकदा मला एका जोडाच्या आकड्यात फरक दिसला. अगदी थोडा. काचेच्या पलीकडं मोठमोठी माणसं बसली होती. मी म्हणाले, "होल्ड." सगळं थांबलं. कुणी विचारलं नाही, तू कुणाची. वायर तपासली, ढिली निघाली. दुरुस्त करून नंतर उड्डाण झालं आणि नीट झालं. त्या रात्री मला बाप आठवला. तो तोपर्यंत गेला होता. रेल्वेचा खाकी शर्ट घालून गेला, शेवटी आईनं त्याच्या अंगात तोच घातला.

टीव्हीवर माझं नाव आलं. आणि गावाहून फोन आला.

"म्याडम, तुम्ही गावाची लेक. सत्कार करायचाय. आप्पांनी सोता सांगितलंय."

मी नाही म्हणणार होते. मग नानाचा फोन आला. त्याचा आवाज दमलेला होता. नानानं मधली वर्षं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं काढली, त्यात छाती गेली. जिना चढला तरी धापा टाकतो. तो म्हणाला, "ये की. तुझ्या बापानं बघायला पायजे हुतं. त्यो न्हाई तर मी बघतो."

मी गेले. नानासाठी पांढरा शर्ट घेऊन गेले, चांगल्या कापडाचा. सकाळी त्याच्या घरी दिला. त्यानं तिथंच घातला, आरशात बघितलं, म्हणाला, "पुढारी दिसतुय का?" चुलती म्हणाली, "खोकला न्हाई तवर दिसताय." आम्ही हसलो. नंतर तो "येतो जरा" म्हणून बाहेर पडला. मला वाटलं, पानाला गेला असेल.

वेशीपाशी फुलं लावलेली जीप उभी होती. फ्लेक्सवर माझा फोटो, त्याच्यावर आप्पांचा, माझ्या दुप्पट. आप्पा आता म्हातारे झालेत, काठी घेतात, पण आवाज तोच. माईकवर त्यांनी मला "आदरणीय म्याडम" म्हटलं. माईक बंद झाल्यावर म्हणाले, "चढ गं वर. उन्हाचं उशीर नको."

मी चढले. आप्पा ड्रायव्हरशेजारी पुढं बसले. माणसं जमली होती, पोरं मोबाईल धरून उभी होती. मी विचारलं, "आप्पा, पुढं काय आहे?"

"डीजे नको म्हटलं मी पोरांना. आपली परंपरा पायजे. हलगी ठिवलीय."

उसाचं पाचट पेटवून एक माणूस कातडं ताणायला हलगी शेकत होता. त्यानं वळून बघितलं. नाना होता. अंगात बनियन. शर्ट घडी करून शेजारी दगडावर ठेवला होता.

त्याला कुणी काढायला सांगितलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत हलगी सुरू झाली आणि जीप हलली. नाना पुढं, तोंड आप्पांकडं, उलटा चालत. माझ्याकडं बघून हसला. खरंच खूश होता. एक जण नानाला ओरडला, "वाढीव की किसन्या, पुतणी कुणाची हाय." नानानं वाढवली.

मारुतीच्या देवळापर्यंत तो दमला. छाती वर-खाली व्हायला लागली. ओठ काळे पडले. आप्पांचा फोन वाजला. कुणाशी तरी कारखान्याच्या निवडणुकीचं बोलत बसले. नाना त्यांच्या हाताकडं बघत वाजवत होता. बोट वर झालं की तो थांबणार होता. हातात फोन होता.

मी हात वर केला.

नानानं बघितलं. माझा हात त्यानं नीट बघितला, मला माहीत आहे. त्याची नजर माझ्या हातावरून परत आप्पांच्या हाताकडं गेली. काड्या चालूच राहिल्या.

मी दुसऱ्यांदा हात वर केला. पोरांना वाटलं मी नमस्कार करतेय. टाळ्या वाजल्या.

माझ्या एका शब्दानं रॉकेट थांबलं होतं, माझा हात तिथं काहीच नव्हता. मी आप्पांच्या खांद्याला हात लावला. "आप्पा, थांबवा. त्याला दम लागलाय."

त्यांनी फोन कानापासून थोडा लांब केला. "आनंदानं वाजीवतुय त्यो. मान हाय त्याचा. वाजवू दे." आणि परत बोलायला लागले.

मी जीपमधून खाली उतरले. चालत्या जीपमधून, पदर सावरत, कशीबशी. नानाजवळ गेले आणि त्याचं मनगट धरलं. हाडाला हात लागला. हलगी थांबली.

मला वाटलं, झालं.

नाना दम खात म्हणाला, "हात सोड."

"नाना, पुरे."

"सोड म्हंतो न्हवं. आप्पांनी बोट क्येलं न्हाई अजून."

मी सोडलं नाही. त्यानं दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून काढली. रागानं नाही. लहान पोराच्या मुठीतून वस्तू काढतात तशी. आणि वाजवायला लागला.

मग आप्पांचा फोन संपला. त्यांनी आमच्याकडं बघितलं, सावकाश बोट वर केलं. हलगी थांबली.

"बघ, थांबला," आप्पा म्हणाले. "उगं घाबरतीस. चढ आता."

"मी चढणार नाही."

"का गं?"

"माझ्या पुढं माझा चुलता नुसत्या बनियनवर उलटा चालणार असेल तर मला हा सत्कार नको."

आप्पा रागावले नाहीत. तेवढीही दखल त्यांनी घेतली नाही. ड्रायव्हरला म्हणाले, "म्याडमला ऊन लागलं वाटतं. स्टेजवरचा फोटो आणा रं." पोरांनी माझा फ्रेम केलेला फोटो आणला, मी बसले होते त्या जागी उभा केला, हार घातला. बोट खाली हललं. हलगी सुरू झाली. मिरवणूक पुढं गेली. माझी मिरवणूक, माझ्याशिवाय.

मी मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत मागं चालत गेले. दगडावरचा शर्ट उचलला. झटकायला काही नव्हतं, स्वच्छ होता. तरी झटकला.

दुपारी नाना घरी आला. मी शर्ट पुढं केला. त्यानं घेतला नाही. पाणी प्याला, भिंतीला टेकला, बराच वेळ खोकला. मग बोलला.

"गावात माझं हसं क्येलंस."

"तुझा जीव चालला होता नाना."

"मग जाऊ दे की. आमचा मान हाय त्यो."

"कसला मान? शर्ट काढून?"

नाना भिंतीपासून सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "तुझ्या बापानं हलगी ठिवली आन् दौंडला गेला. घरातल्या एकानं तरी वाजवाय पायजे. न्हाई वाजीवली तर हे घर ऱ्हातंय का हितं? तवा मी उचलली. मला बी रेल्वेत भरती हुती त्या साली. दादा म्हणला हुता, चल. मी गेलो असतो तर तुम्हांस्नी परत यावं लागलं असतं. आता तू इमानं उडीव. मला शिकवू नगंस."

चुलती आत चहा करत होती. तिनं गॅस बंद केला. बाहेर आली नाही.

आम्ही त्या मानातून सुटलो असं मी जन्मभर समजत होते. आम्ही सुटलो नव्हतो. आम्ही तो नानाच्या गळ्यात घालून आलो होतो. मी टप्प्यांचं काम केलंय. खालचा टप्पा जळतो, वरच्याला ढकलतो, समुद्रात पडतो. आम्ही तेव्हा टाळ्या वाजवतो. कुणी त्याला शोधायला जात नाही.

नानाची समजूत घालायला मी नंतर तीनदा गेले. शहरात चल म्हटलं. येत नाही. डॉक्टरकडं नेलं. औषधं घेतो. हलगी सोडत नाही. त्याचा थोरला मुलगा त्याला आबा म्हणतो. तो परवा म्हणाला, "आबांचं काय खरं न्हाई. पुढं मलाच बघाय लागंल." 'बघाय लागंल' म्हणजे काय ते मला कळलं. गळा बदलेल. बोटही बदलेल, आप्पांचा मुलगा आत्तापासून जत्रेत आप्पांच्या शेजारी उभा राहतो.

मी गावाला अर्ज करणार नाही. आप्पांना समजावणार नाही. नानालाही शिकवणार नाही, तो म्हणाला ते बरोबर आहे, मला तो हक्क नाही.

चैत्रात गावची जत्रा आहे. मी जाणार आहे. जीपमध्ये नाही, स्टेजवर नाही. पालखी निघाली की नाना आप्पांकडं तोंड करून उभा राहील. मी त्या दोघांच्या मधे उभी राहीन. नाना मागं सरकला की मी सरकेन. आप्पा पुढं आले की मी तिथंच असेन. हाताला धरून बाजूला केलं तर परत येऊन उभी राहीन. पुढच्या जत्रेला, त्याच्या पुढच्याही. नाना गेला आणि त्याच्या मुलाच्या गळ्यात ती अडकली, तरीही.

मी काही बोलणार नाही, हातही वर करणार नाही. माझ्या हातानं हलगी थांबत नाही, ते मी बघितलंय.

पण त्या बोटाच्या आड मला उभं राहता येतं. नानाला ते दिसणार नाही. मग हलगी कधी थांबवायची, ते नानालाच ठरवावं लागेल.